कोरड्या हातानं

लुग्दुनुम. द्राक्षतोडीनंतरच्या पुनवेपासून चौथी रात्र.

बानोना ताई,

हे तुला साक्रिलोस काका वाचून दाखवत असतील. तेव्हा आधी काकांना: अक्षरं वाकडी आहेत, हसू नका. मडक्याच्या बुडावर नाव उठवायला लागतात तेवढीच अक्षरं तुम्ही मला शिकवलीत, आणि तेवढ्यावर मी आख्खं पत्र लिहितोय. आणि मध्ये मध्ये पदरचं घालू नका. आत्याच्या निरोपात तुमच्या मडक्यांची स्तुती कुठून आली होती, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

ताई, मी जिवंत आहे. दोन वर्षं कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. बाबा तिथंच बसले असतील, पाठ फिरवून, ओकचा ओंडका तासत, जसं काही ऐकूच येत नाही. त्यांना वाचून दाखवा असं मी म्हणत नाही. कानावर पडलं तर पडू दे.

मी इथं शहरातल्या न्हाणीघराच्या भट्टीवर आहे. वर मोठमोठी माणसं उघडी बसून घाम काढतात आणि खाली आम्ही दोघं लाकडं सारत राहतो. त्यांचा घाम सुटतो तेव्हा आमचा वाळलेला असतो. दुसरा म्हणजे सेनोरिक्स, पहाडाकडचा म्हातारा. तोंडात दात चार, पण जीभ दहा माणसांची. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "कुठला रे तू?"

"वरचा. आरार नदीच्या उगमाकडचा. आमच्याकडे गरम झरा आहे."

"म्हणजे तुमच्याकडे पाणी आपलं आपण उकळतं?"

"हो."

"फुकट?"

"हो."

"आणि तू ते सोडून इतक्या लांब लाकडं घालून पाणी उकळायला आलास! कुणी मारलं तुला डोक्यात?"

मग त्यानं देवाचं नाव विचारलं. मी म्हटलं, माझा हात कोरडा आहे. तो हसला. मी म्हटलं, हसू नकोस, आमच्यात ते नाव पाण्यात हात घातल्याशिवाय घेत नाहीत. तर म्हणतो, "नाव नको, अर्थ सांग. अर्थाला तर हात ओला लागत नाही ना?"

मग बाबा सांगायचे तसं सांगितलं. उकळणारा, बुडबुडणारा, एवढाच त्या नावाचा अर्थ. आपल्या जुन्या माणसांना तो दिसला नाही, आधी ऐकू आला. धुक्यात, जमिनीखालून. त्यांनी त्याला नाव ठेवलं नाही, तो करतो तेच म्हणत राहिले. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, पाय नाहीत, म्हणून तर आपण आपले नेतो त्याच्याकडे. ज्याचा पाय दुखतो तो बाबांकडून लाकडाचा पाय कोरून नेतो आणि झऱ्यात सोडतो, ज्याला दिसत नाही तो लाकडाचे डोळे.

सेनोरिक्स भट्टीत थुंकला. मग वरच्या पाण्याच्या काहिलीकडे बोट करून म्हणाला, "मग ही उकळते तेव्हा हिच्या आत कोण असतो?"

बाबांना उत्तर येईल का ते विचार. नको, राहू दे.

झऱ्याच्या देवीपुढे, दामोना आईपुढे, माझ्या नावानं मूठभर हिरवं गवत ठेव. गाय आहे ती. ती राग धरत नाही.

विंदुलोस

•

लुग्दुनुम. नदीच्या कडेला बर्फ धरलं त्या अवसेनंतरची सहावी रात्र.

ताई,

तुझं पत्र तारविलोसच्या होडीनं आलं. अर्धं पत्र साक्रिलोस काकांच्या गुडघ्याच्या दुखण्यावर होतं. काका, ते मी वाचलं, वाईट वाटलं, आता पुढे.

बाबांचे हात इतके थरथरतात हे मला माहीत नव्हतं. प्याला तोंडाशी नेईपर्यंत अर्धी दारू दाढीत, असं तू लिहितेस. त्यांना ती सांडलेली आवडणार नाही. सुरी धरता येत नाही, लोक झऱ्यावर येतात आणि रिकाम्या हातानं परत जातात, तेही वाचलं.

पण मला नियम काय शिकवतेस? "कोरणाऱ्याच्या दुखण्याचं लाकूड त्यानं स्वतः कोरायचं नसतं. त्याच्या पोटच्यानं कोरायचं, त्याचा अवयव हातात घेऊन, शीर न् शीर चाचपून." हे मी तुझ्याआधी ऐकलंय. मी सात वर्षांचा असताना बाबांनी माझ्या हातात एका धनगराचं मोडलेलं ढोपर दिलं होतं. म्हणाले, डोळे मीट, बोटांनी बघ, डोळे खोटं बोलतात. मला सगळं येतं. यायला जमत नाही, एवढंच. नदी गोठतेय. भट्टी विझू द्यायची नसते. सेनोरिक्स एकटा पडेल.

आणि बोलवायचं तर बाबांनी बोलवावं. "या घरात पुन्हा सुरी धरायची नाही" हे तू म्हणाली नव्हतीस.

तुला सगळं माहीत नाही असं तू लिहितेस. मग ऐक. दगडी देऊळ बांधणारे आले तेव्हा तू अजून सासरी होतीस. त्यांनी बाबांना देवाचं नाव विचारलं. बाबा झऱ्याशी गेले, कोपरापर्यंत हात घातला आणि सांगितलं. पाथरवटानं तिकडे छिन्नीनं खटखट करून कोरलंसुद्धा, कोरड्या हातानं. वर त्याच्याआधी अपोलो असं आणखी एक नाव घातलं. बाबा म्हणाले, "हा कोण आणि? आमचा एकटा बरा होता की." ते म्हणाले, "म्हातारबा, दोघे एकच." बाबा म्हणाले, "एकच आहेत तर दोनदा कशाला कोरता? दगड वाचवा."

सगळे हसले. मीही हसलो. पण मग त्यांनी चेहरा मागितला. आधी लाकडात हवा, त्यावरून दगडात करणार. बाबा म्हणाले, "ज्याला चेहरा नाही त्याचा कोरू कसा?" आणि मी म्हणालो, मी कोरतो.

आयुष्यभर टाचा आणि ढोपरं कोरायची? मला एकदा पूर्ण काहीतरी करायचं होतं, ताई. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. चेहरा कुठून आणणार? जन्मभर समोर एकच होता, ओंडक्यावर वाकलेला. दाढी वगळली, वय उतरवलं, तरी बाबांनी बघताक्षणी ओळखला. त्यानंतर पाचव्या दिवशी आई गेली. चितेपाशी म्हणाले, "त्याला चेहरा दिलास. त्यानं तिचा नेला."

म्हणून मी निघालो. एवढंच आहे. याच्याहून जास्त काही नाही.

विंदुलोस

•

लुग्दुनुम. बर्फ फुटलं. पुनवेच्या आदल्या दिवशी.

साक्रिलोस काका, हे घरी वाचू नका. ताईला तुमच्या मडकी भाजायच्या आव्याकडे बोलवा, फुटका घडा बदलून देतो म्हणा. तुमचे घडे फुटतातच, कुणाला संशय यायचा नाही. बाबांच्या कानावर जाता कामा नये.

ताई,

तू रागावलीस. काकांनी तुझे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. "तिथं तू पाणी उकळतोस आणि इथं बाप थंड होत चाललाय." बरोबर आहे तुझं. मी खोटं बोललो. नदी गोठली नव्हती, नुसती कडेला धरली होती.

माझी अक्षरं वाकडी आहेत ती डाव्या हाताची आहेत. उजव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. गेल्या कापणीच्या सुमारास. एक भला मोठा ओंडका भट्टीच्या तोंडाशी अडकला होता. सेनोरिक्स ओरडत होता, "सोड त्याला, जळू दे तिथंच." पण मला कुठं दम निघतो? मी हात घालून सारायला गेलो, तो फिरला आणि लोखंडी दारात हात सापडला. जळला आणि चिरडला, दोन्ही एकदम. राहिलेली तीन बोटं आहेत, पण तळवा आकसलाय. पसा धरला तर पाणी राहत नाही.

आता मी कुणाचे हात चाचपून काय कोरणार? म्हणून आलो नाही. बाबांनी माझ्या हाताकडे बघितलेलं मला चालणार नाही. "तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे" असं ते एकदाच म्हणाले होते, तेही तारविलोसला, माझ्या मागे. तारविलोसनं माझा हात बघितलाय. बोलू नकोस म्हणून बजावलंय, पण त्याच्या तोंडाला दार कुठाय? निदान तू तरी गप्प राहा.

अजून एक आहे. आईच्या पायाबद्दल

इथं मी तीन ओळी खरवडल्या. लाकडाची पाटी पातळ झालीय. काका, उजेडाकडे धरून वाचायला जाऊ नका, भोक पडेल.

विंदुलोस

•

लुग्दुनुम. पुढच्या चंद्राची अवस.

बाबा,

हे पत्र तुम्हाला आहे. काका, मोठ्यानं वाचा, ताई असू दे, शेजारी असले तरी असू देत. बाबा, पाठ फिरवून बसायचं तर बसा, पण तासणं थांबवा.

आईचे पाय सुजले तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या आईचा पाय तू कोर. माझी सुरी आज नीट चालत नाही." मी हो म्हटलं. पण माझ्यापुढे चेहरा होता. नाकाशी अडलो होतो. उद्या करतो, उद्या करतो म्हणत चार दिवस गेले. आई रोज विचारायची नाही, नुसते पाय बाहेर काढून ठेवायची, मी येता जाता हात लावीन म्हणून.

पाचव्या दिवशी तुम्ही म्हणालात, आज संध्याकाळी नेऊ. मी पाय कोरलाच नव्हता. मी झऱ्यावर गेलो. पाणी उतरलं होतं, कडेला जुनी लाकडं दिसत होती. पाण्यात गेलेलं पाण्याचं असतं, त्यात ज्याचं त्याचं दुखणं असतं, ते बाहेर काढायचं नाही, हे मला तुम्ही शिकवलंत. मी त्यातला एक पाय काढला. डावा, आईच्या मापाचा. शेवाळ खरवडलं, वरून पातळ साल काढली, आतलं लाकूड नव्यासारखं पिवळं निघालं. आणि तो आईला आणून दाखवला.

तिनं मांडीवर घेतला. अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "विंदू, माझं शेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे रे." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं, सुजलंय ना, म्हणून तसं दिसत असेल. छान कोरलायस." तिला कळलं होतं. मला सांभाळून घेण्यासाठी ती दुसऱ्याचा पाय घेऊन झऱ्यावर आली, तुमच्या खांद्याला धरून, चढ चढून. तुमच्यासमोर मी तो पाण्यात सोडला आणि तिचं नाव घेतलं.

चेहऱ्यानं नाही नेली तिला, बाबा. मी नेली. दोन वर्षं तुम्ही चेहऱ्याला दोष दिलात आणि मी तो देऊ दिला, कारण चेहऱ्याचा राग सोसता येत होता.

त्या दिवसापासून मी देवाचं नाव घेतलेलं नाही. आज सेनोरिक्सला हे सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "मला का सांगतोस? मी काय झरा आहे?" मग काहिलीतून वाडगाभर पाणी काढून माझ्यापुढे ठेवलं. "तूच म्हणालास ना, नावाचा अर्थ उकळणारा? मग जिथं उकळतं तिथं त्याला ऐकू जात असेल. घाल हात आणि लिही."

बाबा, हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. तुम्ही सांगाल. मी जळका हात त्या पाण्यात ठेवलाय आणि डाव्यानं लिहितोय: बोर्वो साक्षी आहे, वर लिहिलं ते खरं आहे.

तारविलोसजवळ फडक्यात बांधून दोन हात पाठवतोय. तुमचे. चाचपायला तुम्ही समोर नव्हता, म्हणून रात्रंदिवस डोळे मिटून आठवले. डाव्या अंगठ्यावरचा सुरीचा वण घातलाय. डाव्या हातानं कोरलेत, म्हणून ओबडधोबड आहेत, पण या वेळी लाकूड कोरं आहे, कुणाचं नाही. ताईला घेऊन झऱ्यावर जा. आणि मला बोलवा. किंवा येऊ नकोस म्हणा, पण तुम्ही म्हणा.

तुमचा विंदुलोस

•

लुग्दुनुम. चेरी पिकल्या. पुनवेनंतरची दुसरी रात्र.

ताई,

तारविलोस धक्क्यावर उतरला आणि एक शब्द बोलला नाही. तारविलोस! तेव्हाच मला कळलं.

बाबा गेले ते माझं पत्र नेणारी होडी पोचायच्या अकरा रात्री आधी. म्हणजे मी इथं बसून त्यांच्या अंगठ्यावरचा वण कोरत होतो तेव्हा तो अंगठा नव्हताच.

तुझं पत्र मी सेनोरिक्सला वाचून दाखवत होतो. तो मध्येच म्हणाला, "पुन्हा वाच ते." मी पुन्हा वाचलं. आता मी ते तुला परत लिहितो, मला नीट समजलं का ते बघ.

तारविलोसच्या तोंडून बाबांना माझ्या हाताचं कळलं. त्यांनी रात्रभर काही खाल्लं नाही. सकाळी ओकचा तुकडा मांडीवर घेतला, सुरी तुझ्याकडून मनगटाला चिंधीनं बांधून घेतली आणि कोरत बसले. तू म्हणालीस, "बाबा, समोर माणूस नसताना?" तर म्हणाले, "त्याचा हात मी सात वर्षं हातात धरून शिकवलाय. मला बघायला लागत नाही." नऊ दिवस लागले. पाच बोटं, मुळांसारखी वेडीवाकडी. मग तुझ्या खांद्याला धरून झऱ्यावर गेले, माझं नाव घेतलं आणि तो पाण्यात सोडला.

आणि परत येताना, चढावर दम खायला बसले तेव्हा, तुला म्हणाले:

"त्या दिवशी त्यानं आणलेला पाय माझाच होता. लोकरवाल्या म्हाताऱ्यासाठी कोरलेला. माझ्या सुरीची कड मी ओळखणार नाही होय? तो पाण्यात सोडत होता आणि मी बघत उभा राहिलो. थांब म्हणालो असतो तर तिच्यासाठी दुसरा मला कोरावा लागला असता. माझे हात तेव्हाच गेले होते, बानो. मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, कदाचित देव डोळेझाक करील. मग ती गेली, आणि मी पोरावर चेहऱ्याच्या नावानं ओरडलो."

म्हणून "माझी सुरी आज नीट चालत नाही" म्हणाले होते. मला वाटलं, सुरीला धार नाही.

माझं पत्र साक्रिलोस काका वाचायला लागले तेव्हा तू म्हणालीस, "थांबा काका, मला माहीत आहे." तरी काकांनी शेवटपर्यंत वाचलं, बाबांच्या रिकाम्या ओंडक्यासमोर बसून, पदरचं एक अक्षर न घालता. काका, तुमचे उपकार आहेत.

आईला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. मला माहीत होतं. तिघं त्या चढानं बरोबर चालत गेलो आणि कुणी कुणाला बोललं नाही.

तू विचारतेस, मी पाठवलेल्या हातांचं काय करू. गेलेल्या माणसाचं लाकूड पाण्यात सोडत नाहीत, उकळतं ते जिवंतांसाठी. ते बाबांच्या राखेशेजारी पूर, आईच्या बाजूला. ती चाचपून बघेल आणि म्हणेल, विंदू, तुझ्या बाबांचा अंगठा असा कुठाय. म्हणू दे.

देवळातल्या दगडी चेहऱ्याच्या हनुवटीला लोक हात लावून जातात, असंही तू लिहिलंस. लावू देत. मी तिकडे जाणार नाही, मी झऱ्यावर जाईन.

तारविलोस परवा उलटा निघतोय, त्याच्याबरोबर मी येतोय. सेनोरिक्सला सांगितलं. तो म्हणाला, "जा, तिथं लाकडं घालावी लागत नाहीत." मग भट्टीकडे तोंड करून बसला, जसं काही ऐकूच येत नाही. सगळे म्हातारे सारखेच.

झऱ्यावर कुणी आलं असेल तर त्याला थांबवून ठेव. एक टाच, एक ढोपर, काही का असेना. मी आधी त्याला सांगेन की माझा हात असा आहे, कोरायला वेळ लागेल, पण लाकूड नवं असेल.

काका, या वेळी अक्षरं आणखी वाकडी आहेत, तरी हसू नका. हे उजव्या हातानं लिहिलंय. बाबांनी झऱ्याकडे पाच बोटं मागितली होती. तीनच आहेत. पण धरता येतंय.

विंदुलोस